घाई, आळस आणि अप्रमाद



‘वेळ नाही’ हे दोन शब्द आज आपल्या घराघरांतून जितक्या वेळा ऐकू येतात, तितके दुसरे कोणतेही शब्द क्वचितच ऐकू येत असतील. रविवारच्या वंदनेला विहारात का आला नाहीत, असे विचारले की वेळ नाही. मुलाची वही शेवटची कधी पाहिली, असे विचारले की वेळ नाही. गावाकडे आजारी असलेल्या आत्याला भेटून आलात काय, तर तेही वेळ नाही. नवल असे की, हे उत्तर देताना आवाजात खंत कमी आणि अभिमानच अधिक असतो. ज्याला वेळ नाही तो मोठा माणूस आणि ज्याच्याकडे वेळ आहे तो रिकामटेकडा, अशी एक समजूत समाजात रूढ झाली आहे.

प्रस्तुत लेखात आम्हाला या समजुतीची तपासणी करावयाची आहे. रोजच्या जीवनाची गती माणसाला जाणीवपूर्वक कमी करता येते काय? ज्या समाजाला अजून पुष्कळ मजल मारायची आहे, त्याला संथपणा परवडेल काय? आणि तथागतांचा धम्म या बाबतीत आपल्याला काय शिकवितो? हे प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतील. परंतु माणसाचे आयुष्य म्हणजे शेवटी त्याचे दिवस आणि त्याचे तासच. ते कसे जातात याचा विचार म्हणजे आयुष्याचाच विचार होय.

१. वेळ आपल्याला मिळाला कसा?

फुरसत ही निसर्गाने सर्वांना सारखी वाटून दिलेली वस्तू नाही. काहींना ती जन्माने मिळाली, काहींना ती लढून मिळवावी लागली. आपल्या पणजोबांच्या पिढीत महारकी करणाऱ्या माणसाचा दिवस त्याच्या मालकीचा नव्हता. वतनाच्या नावाखाली त्याला कोणत्याही प्रहरी हाक येई. सांगावा पोहोचवणे, पाटलाच्या व अंमलदारांच्या दिमतीला उभे राहणे, गावाची राखण करणे, ही कामे चुकत नसत. तो घरी नसला तर घरातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि बलुते! ही गुलामी मोडण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. त्या लढ्याकडे आपण जमिनीचा व मानाचा लढा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण तो आपल्या दिवसावर आपली मालकी असावी यासाठीचाही लढा होता, हे सहसा ध्यानात येत नाही.

गाव सोडून जे मुंबईच्या गिरण्यांत आले, त्यांच्या दिवसाची मालकी भोंग्याकडे गेली. एकोणिसाव्या शतकात गिरणीचे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा जोतिराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची व दुपारच्या विश्रांतीची मागणी पुढे मांडली. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी आपण उशिरापर्यंत अंथरुणात लोळतो, तो रविवार अशा रीतीने मिळालेला आहे.

कामाचे तासही असेच पायरीपायरीने उतरले. १९२२ च्या दुरुस्तीने कारखान्यात आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ती ५४ तासांवर आली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४६ साली, ही मर्यादा ४८ तासांवर आणण्यात आली. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस धरले तर दिवसाला आठ तास. त्याआधी १९४५ साली कारखान्यातील कामगारांसाठी पगारी रजेची तरतूदही करण्यात आली होती. साठातून अठ्ठेचाळीस गेले तर बारा उरतात. आठवड्याला बारा तास! हे तास कोणी दान दिले नाहीत. तेव्हा आपल्या हाती आलेल्या फुरसतीचा विचार हा ऐषारामाचा विचार नसून वारशाचा विचार आहे.

२. फुरसत कशासाठी?

१९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रांचा जोरदार पुरस्कार केला आहे. त्या काळी यंत्रांना विरोध करून साध्या हातकामाकडे परत चला, असे सांगणारा विचार मोठ्या प्रतिष्ठेचा होता. बाबासाहेबांनी तो खोडून काढला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, पोट भरण्याच्या धडपडीतच ज्याचा सारा दिवस संपतो त्याला मनाची मशागत करता येत नाही. पशू आणि माणूस यांत फरक करणारी गोष्ट म्हणजे संस्कृती, आणि संस्कृतीला फुरसत लागते. यंत्राने कष्ट कमी होतात म्हणून माणसाला फुरसत मिळते. ही फुरसत मूठभरांपुरती न राहता सर्वांना मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

आता जरा आपल्या घराकडे पाहू. मिक्सर आला, गॅस आला, पुष्कळ घरांत कपडे धुण्याचे यंत्र आले. बँकेची रांग मोबाइलवर आली. यंत्रे आली, पण फुरसत कोठे गेली? तिची वाट तीन ठिकाणी अडलेली आम्हाला दिसते.

पहिली अडचण हप्त्यांची. शेजाऱ्याकडे मोठी गाडी आली म्हणून आपल्याकडेही यावी, लग्नाचा हॉल त्याच्यापेक्षा मोठा असावा, या चंगळवादापायी आपण हप्ते अंगावर घेतो. हप्ते भागवण्यासाठी ओव्हरटाइम करतो. ओव्हरटाइममुळे घरी वेळ राहत नाही, म्हणून मुलांना वस्तू देऊन त्यांची समजूत काढतो. आणि त्या वस्तूंचे पुन्हा हप्ते! येथे माणूस पैसा खर्च करीत नसून पुढील पाच वर्षांच्या संध्याकाळी खर्च करीत असतो. वस्तूची किंमत रुपयांत विचारण्यापूर्वी ती तासांत विचारून पाहावी, म्हणजे पुष्कळ खरेद्या आपोआप थांबतील.

दुसरी अडचण प्रवासाची. बदलापूर, विरार किंवा पनवेलहून मुंबईत नोकरीला येणाऱ्या माणसाचे दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात. यात व्यक्तीचा दोष नाही. घर आणि काम यांतील अंतर हा शहराच्या रचनेचा व घरांच्या किमतींचा प्रश्न आहे आणि तो सामुदायिक रीतीनेच सोडवावा लागेल.

तिसरी अडचण मोबाइलची. गिरणीचा भोंगा दिवसातून ठरलेल्या वेळी वाजे आणि वस्तीत सर्वांना ऐकू येई. आताचा भोंगा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तो केव्हाही वाजतो. वर्तमानपत्राला शेवटचे पान होते, चित्रपटाला शेवट होता. मोबाइलवरील चित्रफितींना शेवट असा ठेवलेलाच नाही, कारण आपण जितका वेळ पाहू तितका कोणाचा तरी व्यापार चालतो. ज्या संध्याकाळीसाठी लोखंड्यांनी सभा भरवल्या, ती संध्याकाळ आपण अंगठ्याच्या टोकाने खाली सरकवत संपवतो.

३. धम्मातील दोन अडथळे

संथपणाचा विषय काढला की पहिली शंका येते ती आळसाची. तिचे उत्तर तथागतांच्या शिकवणुकीतच आहे. चित्ताच्या विकासाआड येणारी पाच नीवरणे सांगितली आहेत. नीवरण म्हणजे आडोसा, अडथळा. कामच्छंद म्हणजे विषयांची ओढ, व्यापाद म्हणजे द्वेष, थीन-मिद्ध म्हणजे सुस्ती व जडपणा, उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे मनाची चंचलता व हुरहूर, आणि विचिकिच्छा म्हणजे डळमळीतपणा.

यांतील तिसरे व चौथे नीवरण एकमेकांशेजारी ठेवून पाहावे. सुस्ती हा अडथळा आहे हे आपल्याला मान्य आहे. लहानपणापासून आपण त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत. परंतु सैरभैर धावणारे मन हाही तितकाच मोठा अडथळा आहे, हे आपल्या गावीही नसते. आळसाला आपण दुर्गुण म्हणतो आणि घाईला कर्तबगारी समजतो. धम्माच्या दृष्टीने दोन्ही एकाच यादीत बसतात. एका टोकाला मन झोपलेले असते, दुसऱ्या टोकाला ते हाती असलेल्या कामात नसतेच. भात गिळताना मन गाडीच्या वेळापत्रकात, गाडीत बसल्यावर मन कार्यालयात, कार्यालयात असताना मन घरच्या भांडणात. काम एकही झोपून केलेले नसते, तरी कोणत्याही कामात माणूस हजर नसतो.

आळसाविषयी तथागत किती परखड होते हे सिगालोवाद सुत्तात दिसते. आळशी माणूस काम टाळण्यासाठी सहा सबबी सांगतो, असे तेथे म्हटले आहे. फार थंडी आहे, फार ऊन आहे, अजून फार लवकर आहे, आता फार उशीर झाला, फार भूक लागली आहे, पोट फार भरले आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला यातली एखादी सबब ओळखीची वाटेल! तेव्हा ‘सावकाश जगा’ याचा अर्थ ‘काम टाळा’ असा धम्मात कदापि होत नाही.

मग नेमकी गती कोणती? याचे उत्तर सोण कोळिविसाच्या कथेत सापडते. सोण हा चंपा नगरीतील एका धनवान कुटुंबाचा मुलगा. अतिशय लाडात वाढलेला, पायांचे तळवे कोवळे. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळील सीतवनात त्याने चंक्रमणाचा, म्हणजे चालत चालत करावयाच्या ध्यानाचा, असा काही सपाटा लावला की तळवे फुटून वाटेवर रक्त सांडले. तरीही मनासारखे फळ मिळेना. तेव्हा त्याच्या मनात आले की, आपल्या घरी भरपूर संपत्ती आहे. परत जावे, दानधर्म करावा आणि सुखाने राहावे. तथागत त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याला दोष दिला नाही. घरी असताना तू वीणा चांगली वाजवीत होतास ना, एवढेच विचारले. मग त्याच्याच तोंडून वदवून घेतले की, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. योग्य सुरात लावल्या तरच वाजते. अति जोराच्या प्रयत्नातून चंचलता येते आणि अति ढिलाईतून आळस येतो, म्हणून प्रयत्नात समतोल राख, असा उपदेश त्यांनी केला.

या कथेतील एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. सोणाने घाई केली, ती फसली, आणि लगेच त्याला सारेच सोडून द्यावेसे वाटले. घाई आणि आळस हे एकमेकांचे शत्रू नसून सोबती आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी बहुधा वर्षभर झोपलेला असतो. सहा दिवस जिवाच्या आकांताने धावणारा माणूस सातव्या दिवशी कोचावर मेल्यासारखा पडून राहतो. संथ पण अखंड चालणाऱ्याला या दोन्हींची गरज पडत नाही. याच जागरूक, न थांबणाऱ्या प्रयत्नाला धम्मात ‘अप्रमाद’ म्हटले आहे आणि महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना दिलेला अखेरचा उपदेश याच अप्रमादाचा आहे.

४. अठरा तासांचा आक्षेप

येथे आमचे तरुण वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो घेतलाच पाहिजे. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. त्यांच्या जयंतीला कित्येक महाविद्यालयांत व ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. शेकडो वर्षे मागे ठेवला गेलेला समाज आता कोठे चालू लागला, तोच तुम्ही त्याला सावकाश चाला म्हणून सांगता? सावकाशीच्या गप्पा ज्यांचे पोट भरले आहे त्यांनी कराव्यात.

आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात वेग आणि परिश्रम यांची गल्लत झाली आहे. लंडनमधील विद्यार्थिदशेत बाबासाहेब ग्रंथालय उघडताच आत जात आणि बंद होईपर्यंत उठत नसत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एकाच जागी, एकाच विषयावर, दिवसभर बसणे ही घाई नव्हे. घाईच्या नेमकी उलट अशी ती गोष्ट आहे. घाईवाल्या माणसाला एका पुस्तकापाशी अर्धा तासही बसवत नाही. तेव्हा अठरा तासांचा उपक्रम करणाऱ्या तरुणांनी तासांच्या आकड्याइतकेच त्या बैठकीकडे पाहावे. मोबाइल शेजारी ठेवून, दर पाच मिनिटांनी त्यात डोकावत केलेले अठरा तास आणि मन लावून केलेले चार तास यांत कोणते बाबासाहेबांच्या अधिक जवळचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बाबासाहेबांच्या जीवनातील मोठे निर्णय पाहिले तर त्यांत उतावीळपणा आढळत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. अनेकांनी घाई करण्याचा आग्रह धरला, अनेकांनी आमिषेही दाखवली. त्यांनी अभ्यासाला लागेल तेवढा वेळ घेतला.

संविधानाचेही तसेच. संविधान सभेचे काम फार रेंगाळले, पैशाचा अपव्यय झाला, अशी टीका त्या वेळी होत होती. मसुदा समितीच्या नावाची थट्टाही करण्यात आली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी या टीकेला आकड्यांनी उत्तर दिले. सभेला २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस लागले हे खरे; पण ऑस्ट्रेलियाला त्यासाठी नऊ वर्षे लागली होती. अमेरिकेचे काम चार महिन्यांत झाले, परंतु तिच्या संविधानात सातच कलमे होती आणि आपल्या संविधानात ३९५. मसुद्याला ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुदा समिती १४१ दिवस बसली. म्हणजे टीकाकारांना जो वेळकाढूपणा वाटला, तो प्रत्यक्षात प्रत्येक दुरुस्ती ऐकून घेण्याचा, प्रत्येक शब्द तोलण्याचा वेळ होता. ज्या संविधानाच्या आधाराने आपण आज ताठ मानेने उभे आहोत, ते घाईत लिहिलेले नाही, हे आपण कधी विसरू नये.

५. वर्षावासाचा धडा

गती कमी करण्याची सामुदायिक पद्धत बौद्ध परंपरेत अडीच हजार वर्षांपासून आहे. ती म्हणजे वर्षावास. आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावयाचे, भटकंती करावयाची नाही. हा नियम कसा आला हे विनयपिटकात सांगितले आहे. सुरुवातीला भिक्खू पावसाळ्यातही फिरत. तेव्हा लोक कुरकुरू लागले की, हे श्रमण हिरवे कोंब तुडवतात, लहानसहान जीव चिरडतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीसुद्धा घरटे करून राहतात, मग यांनाच काय झाले? तथागतांनी लोकांची तक्रार रास्त मानली आणि वर्षावासाचा नियम घालून दिला.

यातून आपल्याला तीन गोष्टी शिकता येतात. पहिली अशी की, आपल्या वेगाखाली कोणीतरी तुडवले जाते. तो वेग चांगल्या कामासाठी असला तरी तुडवले जाणाऱ्याला त्याचे काय? भिक्खू तर धम्मप्रसारासाठी फिरत होते. दुसरी अशी की, थांबण्याचा काळ सर्वांसाठी ठरलेला होता. ‘जमेल तेव्हा विश्रांती घेऊ’ असे म्हणणाऱ्याला ती कधीच जमत नाही. तिसरी गोष्ट नियमातील समंजसपणाची. आईवडील आजारी असले किंवा तसेच निकडीचे काम निघाले तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मोकळीक होती. संथपणा हा हट्ट होता कामा नये.

वर्षावासाच्या शेवटी पवारणा होते. माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. तीन महिने एकत्र, एका जागी राहिल्यावरच माणसे एकमेकांना इतकी ओळखतात. घरातही हेच खरे आहे. एका छपराखाली राहून जी माणसे एकमेकांना ओझरतीच भेटतात, त्यांना एकमेकांचे दुखणे कळणार कसे?

महाराष्ट्रातील असंख्य विहारांत वर्षावासाच्या काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. रोज काही पाने, तीन महिने. ही प्रथा म्हणजे संथ वाचनाची शाळाच होय. ती नुसती उरकण्यासाठी होऊ नये. एखाद्या दिवशी एकच पान झाले आणि त्यावर चर्चा झाली, तर तो दिवस अधिक सार्थकी लागला असे समजावे.

६. कोणाच्या जिवावर?

आता आम्ही विषयाच्या नाजूक भागाकडे वळतो. घरातील कर्ता पुरुष निवृत्त झाला, पहाटे फिरायला जाऊ लागला, अर्धा तास ध्यानाला बसू लागला, सावकाश चहा घेऊ लागला. उत्तम! पण तो चहा कोणी केला? त्याच्या संथ सकाळीसाठी घरातील बाई किती वाजता उठली?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे स्त्रियांचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषांचे दीड तासही नाहीत. नोकरी करणाऱ्या भगिनींना हे तास नोकरीशिवायचे आहेत. अशा घरात ‘जीवनाची गती कमी करू’ हा संकल्प पुरुषाने एकट्याने केला तर तो संकल्प नसून सुट्टी आहे. आणि तिचा भार दुसऱ्याच्या पाठीवर आहे. आपल्या घरात संथपणा आणायचा असेल तर त्याची सुरुवात ध्यानाच्या आसनावर नव्हे, भांड्यांच्या मोरीपाशी झाली पाहिजे.

हीच कसोटी घराबाहेरही लावावी. काही मिनिटांत घरपोच वस्तू हवी म्हणून आपण बोट दाबतो, तेव्हा एक तरुण मोटारसायकलवर सिग्नल तोडत येतो. आपली घाई त्याच्या जिवावर उठते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील दहापैकी सातांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. ‘अति घाई संकटात नेई’ ही घाटरस्त्यावरील पाटी आपण वाचतो आणि वाचता वाचताच पुढच्या गाडीला मागे टाकतो.

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईला किंवा दोन पाळ्या करणाऱ्या सुरक्षारक्षकाला आम्ही ‘सावकाश जगा’ असे सांगणार नाही. ते सांगणे निर्दयपणाचे होईल. त्यांची घाई मनाची नसून मजुरीची आहे. तिच्यावर उपाय म्हणजे पुरेसे वेतन, कामाच्या तासांची मर्यादा आणि संघटना. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामकऱ्याला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, पोटापुरते अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले पदार्थ वाटून खावेत आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. आपल्यापैकी ज्यांच्या घरी किंवा दुकानात कोणी कामाला आहे, त्यांनी हे पाचवे कर्तव्य स्वतःला विचारून पाहावे. आठवड्याला सत्तर तास काम करण्याचे सल्ले मोठ्या उद्योगपतींकडून जाहीरपणे दिले जात असताना, अठ्ठेचाळीस तासांचा इतिहास आपण तरी ध्यानात ठेवला पाहिजे.

७. आचरणासाठी

केवळ वाचून विषय संपू नये, म्हणून काही साधे नियम येथे देत आहोत. सर्व एकदम सुरू करण्याची घाई करू नये!

भोजन : दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र, दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवून करावे. भिक्खूंच्या सेखिय नियमांत घास फार मोठा नसावा, तोंडात घास असताना बोलू नये, इतके बारीक तपशील आहेत. कोसलनरेश प्रसेनजित अति खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला मोजके खाण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवणाच्या वेळी त्या उपदेशाची आठवण करून देण्यासाठी नेमले आणि हळूहळू त्याचा आहार ताळ्यावर आला. राजालासुद्धा आठवण करून देणारे माणूस लागले. आपल्या घरी ते काम लहान मुले आनंदाने करतील.

चालणे : सतिपट्ठान सुत्तात जाताना, येताना, वाकताना, हात पसरताना, खाताना, बोलताना, गप्प असताना, प्रत्येक वेळी जाणीव ठेवण्यास सांगितले आहे. यासाठी वेगळा वेळ लागत नाही. स्थानकापासून घरापर्यंतची दहा मिनिटे कानाला काही न लावता, पावलांकडे लक्ष ठेवून चालावे. आणि लोकल सुटली तर सुटू द्यावी. रूळ ओलांडून किंवा धावत्या गाडीला लटकून वाचवलेली पाच मिनिटे घरच्यांना फार महाग पडतात.

घंटा : व्हिएतनामी भिक्खू तिक न्यात हान (१९२६–२०२२) यांनी १९८२ साली फ्रान्समध्ये ‘प्लम व्हिलेज’ हे साधनाकेंद्र स्थापन केले. तेथे घंटा वाजली की प्रत्येकजण हातचे काम थांबवून काही श्वास शांतपणे घेतो, फोन वाजला तरी तसेच करतो, मग उचलतो. हा नियम आपल्या घरी आजपासून करता येईल. रागाने दिलेली निम्मी उत्तरे त्या तीन श्वासांतच विरून जातील.

उपोसथ : सर्वांना इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिरास जाणे शक्य होत नाही. परंतु पौर्णिमेचा दिवस तरी राखून ठेवता येईल. त्या दिवशी खरेदी नाही, मोबाइलवरील करमणूक नाही. संध्याकाळी विहारात वंदना, आणि एखाद्या आजारी किंवा एकाकी शेजाऱ्याची भेट.

नकार : एका महिन्यात किती कार्यक्रमांना जावयाचे हे आधी ठरवावे. पाच ठिकाणी तोंड दाखवून येण्यापेक्षा एका ठिकाणी पूर्ण वेळ बसावे. समाजकार्यातील कार्यकर्त्यांनी हा नियम विशेष पाळावा. दहा समित्यांवर नाव आणि एकाही बैठकीत लक्ष नाही, अशाने चळवळीचा वेग वाढत नाही, फक्त धूळ उडते.

अभ्यासवर्गात या लेखावर चर्चा करताना प्रत्येकाने एका कागदावर आपल्या कालच्या दिवसाचे चोवीस तास मांडावेत. किती तास पोटासाठी गेले, किती दुसऱ्याच्या सोयीसाठी, किती कोणाच्या लक्षातही न राहता गेले, आणि किती तास आपण खरोखर हजर होतो, हे लिहावे. पती-पत्नींनी आपले कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. हा हिशेब कोणाला दाखवण्यासाठी नाही, पण तो मांडल्याशिवाय बदल कोठून सुरू करावा हे कळणार नाही.

ज्यांच्या दिवसावर शतकानुशतके दुसऱ्यांची मालकी होती, त्यांच्या हाती आता संध्याकाळ आहे, रविवार आहे, पगारी रजा आहे. त्या वेळेत आपण पुन्हा एखाद्या नव्या धन्याची हाक झेलत धावावे, की आपल्या मुलांशेजारी बसून त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे, हे आता आपणच ठरवावयाचे आहे. वीणेच्या तारा आपल्या हाती आहेत; त्या फार ताणू नयेत, फार सैलही सोडू नयेत.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!